हस्तर कोणत्या पुराणातला?

गणपतीच्या दिवसांत आमच्या बेळगावच्या घरी चार गावांची माणसे जमतात. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. अनंत चतुर्दशीस चार दिवस अवकाश असताना, १३ तारखेस ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला आणि घरातील तरुण मंडळींनी आम्हां वडीलधाऱ्यांनाही तो पाहावयास नेले. अद्भुताची आणि भयाची अशी सरमिसळ असलेला चित्रपट सासूबाईंसह सहकुटुंब पाहण्याचा हा आमचा पहिलाच प्रसंग.

पहिला घोटाळा नावापासूनच झाला. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही द्विखंडात्मक कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून ती आमच्या ‘ह्यां’ची अत्यंत आवडती. जगबुडी नदी, तिच्या काठचे ते गाव, खोतांच्या पिढ्यान्‌पिढ्या ही सारी मंडळी पडद्यावर भेटणार, या आशेने ते निघाले होते. प्रत्यक्षात भेटले काय? धो धो पाऊस, पडका वाडा, कोंडून ठेवलेली शापित म्हातारी आणि सोन्यावर बसलेला हस्तर! मध्यंतरात त्यांनी हताशपणे एवढेच विचारले, “अहो, पण यात खोत कुठे आहेत?”

वस्तुतः पेंडशांकडून चित्रपटाने नाव तेवढे घेतले आहे. कथेची मूळ प्रेरणा नारायण धारपांची. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांची गोष्ट १९९३ साली नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राच्या तोंडून ऐकली, असे त्यांनीच सांगितले आहे. रात्री जंगलात ऐकलेली ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही आणि २०१८ साली ती पडद्यावर आली.

निपाणीहून आलेल्या वन्संना मात्र हे कोणी सांगावे लागले नाही. म्हातारी दिसताच त्या माझ्या कानाशी लागल्या, “वहिनी, ही धारपांची आहे हो!” धारपांनी (१९२५–२००८) शंभरावर पुस्तके लिहिली. वन्संच्या तरुणपणी ती हातोहात फिरत, वडिलांच्या नकळत कंदिलाच्या उजेडात वाचली जात आणि मग रात्री परसात एकटीने जाण्याची सोय उरत नसे. घरी परतल्यावर अभियांत्रिकीला असलेल्या आमच्या पुतण्याने त्यांना छेडले, “आत्या, तुमचे धारप तरी कुठे स्वतःचे लिहीत? ‘लुचाई’ तर सरळ स्टीफन किंगची!” वन्सं क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “असेल. भूत परके असेल, पण ते ज्या घरात शिरले ते घर आपले होते. माजघर, देवघर, फडताळ. म्हणून तर भीती वाटायची.” धारपांच्या लेखनावर याहून नेमके भाष्य माझ्या तरी वाचनात नाही.

सासूबाईंची हरकत निराळीच होती. हा हस्तर कोणत्या पुराणातला? पूर्तीच्या देवीचा पहिला पुत्र. त्याने सोने बळकावले, धान्याकडे हात वळवताच इतर देव त्याच्यावर तुटून पडले आणि आईने त्याला पुन्हा उदरात लपविले. अट ही की त्याची पूजा कधी होणार नाही. ही सारी चित्रपटकारांची रचना. हे कळल्यावर “मग देवाचे नाव कशाला घेता?” असे म्हणून त्यांनी विषय संपविला. पण दुसऱ्या दिवशी मोदकांची उकड मळता मळता आपणच बोलल्या, “तो राक्षस मला नाही भयंकर वाटला. बाप पोराला कणकेच्या बाहुल्या घेऊन त्या विहिरीत उतरायला शिकवतो, ते पाहवले नाही.” वाड्यांच्या वाटण्या आणि त्यापायी तुटलेली भावंडे त्यांनी उभ्या आयुष्यात पुष्कळ पाहिली आहेत.

मला स्वतःला खटकली ती भाषा. १९१८ ते १९४७ या काळातील, कोकणातून पुण्यास आलेले विनायकरावांचे घराणे, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे हिंदी बोलतात! आपल्या सीमाभागात, जिथे मराठी पाटीसाठीही माणसे भांडत आली, तिथे हे अधिकच टोचते. शिवाय मराठीत अद्भुताचे दारिद्र्य आहे, असेही नाही. बेळगावात जन्मलेल्या जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’तील (१९७५) ‘इस्किलार’ वाचलेल्याने असे कसे म्हणावे? परंतु तिकिटे काढणाऱ्यांनी माझे मत विचारले नव्हते. २०१८ साली जेमतेम चाललेल्या या चित्रपटाने सहा वर्षांनंतरच्या पुनर्प्रदर्शनात पहिल्या खेपेहून अधिक कमाई केली. आणि इंग्रजी माध्यमात शिकलेला आमचा पुतण्या त्या आठवड्यात प्रथमच मराठी पुस्तकासाठी आमच्या कपाटापाशी आला, हेही नमूद केलेच पाहिजे.

धारप आमच्याकडे नव्हते. वन्संनी निपाणीहून पाठवून देण्याचे कबूल केले. तोवर त्याने ‘ह्यां’च्या परवानगीने पेंडशांचा पहिला खंड नेला. जोडाक्षरांशी अडखळत, पण नेटाने वाचतो आहे. परवा रात्री फोन करून त्याने काकांना विचारले, “काका, शंभर पाने झाली. हस्तर कधी येतो?”

‘ह्यां’नी शांतपणे उत्तर दिले, “येईल. वाचत राहा.”