ना तारा, ना ग्रह

मृग लागला की आपल्याकडे भातपेरणीची घाई उडते. पण ते नक्षत्र डोळे भरून पाहायचे तर थंडीतच. जानेवारीत रात्री नवाच्या सुमारास भाट्याच्या किनाऱ्यावरून दक्षिणेच्या अंगाला मृगाची चौकट वर आलेली दिसते. तिच्या खालचा फिकट तारकासमूह म्हणजे शशक, ससा. त्यात ग्लीझ २२९ हा लहानसा लाल तारा सुमारे १९ प्रकाशवर्षांवर आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

त्याचा एक अंधूक सोबती सापडल्याचे १९९५ साली अमेरिकेतील पालोमार वेधशाळेच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले. त्यांत श्रीनिवास कुलकर्णी होते. त्यांचा जन्म १९५६ चा, आपल्या घाटापलीकडच्या कुरुंदवाडचा. सोबत्याच्या प्रकाशात मिथेन वायूची खूण मिळाली. मिथेन गुरू ग्रहावर आहे, ताऱ्याच्या धगीत टिकत नाही. म्हणजे हा तारा नव्हे. पण वजन गुरूच्या कितीतरी पट, म्हणून ग्रहही म्हणवेना. अशांना तपकिरी बटू म्हणतात.

पुढे त्याचे वजन गुरूच्या सत्तर पट निघाले, पण त्या मानाने उजेड फार कमी. जमाखर्च जुळेना. २०२४ साली उलगडा झाला. ते दोघे आहेत, सुमारे ३८ आणि ३४ पट वजनाचे, बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे. आम्हा कारकुनांना ही गंमत नवी नाही. एका नावाखाली दोन खाती निघतातच!

गुरूच्या सुमारे ७५ पटींच्या वर पोटात हायड्रोजनची भट्टी पेटून राहते, तो तारा. खाली १३ पर्यंत तपकिरी बटू. त्यांच्यात जड हायड्रोजन काही काळ जळतो. त्याहून हलका तो ग्रह.

खरी पंचाईत इथेच आहे. १३ हून हलके, पण कुठल्याच ताऱ्याभोवती न फिरणारे एकटे गोळे सापडू लागले आहेत. दिसतात ते मुख्यतः कोवळे. चुलीतल्या निखाऱ्यासारखी जन्मवेळची ऊब त्यांच्यात असते. वय वाढले की निवून काळोखात मिसळतात. काही ताऱ्यापासून फेकले गेलेले ग्रह असतील, काही ताऱ्यांसारखेच वायूच्या ढगातून थेट जन्मलेले. वजन दोघांचे सारखेच. मग नाव वजनावरून द्यायचे की जन्मावरून? शास्त्रज्ञांत एकमत नाही.

२०२५ साली सरडा तारकासमूहातील अशाच एका गोळ्याची बातमी आली. वजन गुरूच्या पाच ते दहा पट, म्हणजे ग्रहाचेच. पण भोवतालचा वायू आणि धूळ तो सेकंदाला सुमारे ६०० कोटी टन या वेगाने गिळत होता, अगदी कोवळ्या ताऱ्यासारखा.