सोयाबीनमधील शर्करा-चयापचय आणि जनुककुले

प्रस्तावना : सोयाबीन हे विदर्भ व मराठवाड्यातील एक प्रमुख गळीत पीक होय. त्याच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. तेलासाठी लागणारा कार्बन पानांत तयार झालेल्या शर्करेतून येतो. या शर्करेचे वहन व रूपांतर यांचे नियंत्रण एखाद्या जनुकाकडे नसून जनुककुलांकडे असते.

जनुककुलांची निर्मिती : सोयाबीनचा जनुकसंच २०१० साली प्रसिद्ध झाला. सुमारे ५.९ कोटी आणि १.३ कोटी वर्षांपूर्वी हा संच दोनदा द्विगुणित झाला. त्यामुळे जवळजवळ ७५ टक्के जनुके एकाहून अधिक प्रतींत आढळतात.

शर्करेचे वहन : सुक्रोज अन्नवाहिन्यांतून बीजावरणापर्यंत पोहोचते, तेथून भ्रूणाकडे जाण्यासाठी वाहक प्रथिने लागतात. अशा वाहकांच्या 'स्वीट' कुलात अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीत १७, तर सोयाबीनमध्ये ५२ जनुके आहेत. त्यांपैकी 'स्वीट-१५'च्या दोन्ही प्रती निकामी केल्यास भ्रूणाची वाढ खुंटते व बहुसंख्य दाणे भरत नाहीत, असे २०१९ साली दिसून आले. 'स्वीट-१०'ची जोडी निकामी केल्यास दाणा लहान होतो, तेल घटते आणि प्रथिनांचे प्रमाण वाढते, हे २०२० साली स्पष्ट झाले.

शर्करेचे रूपांतर : दाण्यात इन्व्हर्टेज व सुक्रोज सिंथेज ही विकरे सुक्रोजचे विघटन करतात. त्यापासून पुढे मेदाम्ले व तेल तयार होते. काही शर्करेपासून रॅफिनोज व स्टॅचिओज बनतात. त्यांच्या पचनास आवश्यक असे विकर मानवी लहान आतड्यात नसल्याने पोटात वायू धरतो. येथे मात्र 'रॅफिनोज सिंथेज-२' या एकाच जनुकातील बदलाने दोन्ही शर्करा लक्षणीय घटतात. कारण दाण्यातील हे कार्य मुख्यत्वे कुलातील याच सदस्याकडे आहे.

समारोप : जनुककुलातील सर्व सदस्य समान महत्त्वाचे नसतात. काही परस्परांची उणीव भरून काढतात, तर काहींचे कार्य स्वतंत्र असते. म्हणून पैदासकाराने कुलाचे नाव पाहून नव्हे, तर दाण्यात कोणता सदस्य कार्यरत आहे हे पाहून निवड करणे आवश्यक ठरते. शिवाय तेल वाढविताना प्रथिने घटण्याचा संभव असतो. सोयापेंडीचे मोल प्रथिनांवर ठरत असल्याने, तेल व पेंड यांचा समतोल साधणे हीच सुधारित वाणाची खरी कसोटी होय.