सर्व्हरलाही सातबारा असतो

अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांत सातबारा नुसता बघायचा असेल, तर आता तलाठ्याच्या मागे फिरावं लागत नाही. महाभूलेखच्या वेबसाइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर टाकायचा, की वावर मोबाइलवर समोर येतं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उताराही मिळू लागला. दर्यापूरचा शेतकरी तो बघतो, पुण्यात नोकरीला गेलेला त्याचा मुलगा बघतो, बँकेचा माणूस बघतो. पण त्यांपैकी कुणालाच त्यातलं एक अक्षर बदलता येत नाही. तलाठी फेरफाराची नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली, की मगच सातबारा बदलतो.

जमिनीच्या कागदाला आपण एवढं जपतो. संस्थेची वेबसाइट ज्या सर्व्हरवर चालते, त्याला मात्र जपत नाही. समजा, अकोल्यातल्या एका महाविद्यालयाची साइट तीन पोरं सांभाळतात. तिघांकडे एकच पासवर्ड, तोही ‘रूट’चा, म्हणजे सर्व्हरच्या मालकाचा. प्रवेशाची शेवटची रात्र आहे. दिवसभराचा दमलेला एक जण जुनी प्रत समजून चालू साइटचाच फोल्डर पुसतो. हे नवशिक्यांकडूनच होतं असं समजू नका. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेत एका अनुभवी अभियंत्यानं दुसऱ्या सर्व्हरवर आहोत असं समजून मुख्य डेटाबेसचा फोल्डर पुसला. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला.

या दुखण्यावरचं औषध पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये घडवलेल्या युनिक्समध्ये प्रत्येक फाइलीशी तिघांचा संबंध मानला जातो: मालक, गट आणि बाकी सगळे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १, अशी हक्कांची बेरीज. ६४० म्हणजे मालकानं वाचावं-लिहावं, गटानं फक्त वाचावं, बाकीच्यांना दार बंद. लिनक्सवरच्या सर्व्हरमध्ये आजही हाच हिशोब चालतो.

फाइल ‘फक्त वाचा’ केली की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं, आणि घोळ इथेच होतो. जुन्या दप्तरातला कापडात बांधलेला गठ्ठा आठवा. आतल्या कागदावर कुणाला लिहिता येऊ नये म्हणून तुम्ही तो लॅमिनेट केला. पण गठ्ठ्याची गाठ ज्याला सोडता येते, तो तो कागद काढून दुसरा ठेवूच शकतो. फोल्डरचंही तसंच आहे. फोल्डरवर लिहिण्याचा हक्क असलेला माणूस आतली ‘फक्त वाचा’ फाइलसुद्धा साधारणपणे पुसू शकतो, कारण पुसणं म्हणजे फोल्डरच्या यादीतून नाव काढणं. म्हणून फोल्डरही ७५० वर ठेवायचे. इथे ‘चालवणे’ म्हणजे फोल्डरच्या आत पाऊल टाकणे. तो हक्क काढला, तर वाचायला दिलेली फाइलही उघडत नाही.

मग मालक कोण? माझं मत ठाम आहे: डेव्हलपर नको आणि वेब सर्व्हरही नको. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारावर वेब सर्व्हर सहसा ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या नावानं चालतो. त्यालाच कोड लिहिता येत असेल, तर साइटच्या एखाद्या भोकातून शिरलेला चोरही तो कोड बदलू शकतो. कोड बसवण्यापुरतं एक वेगळं खातं मालक करावं, वेब सर्व्हरला गटातून वाचू द्यावं आणि लिहिण्याची मुभा फक्त अपलोडच्या फोल्डरमध्ये ठेवावी.

पण फाइलीला गट एकच असतो, आणि तो तर वेब सर्व्हरनं घेतला. डेव्हलपरांसाठी मग ‘एसीएल’ म्हणजे हक्कांची जादा यादी लागते. ‘सेटएफएसीएल’ या आज्ञेनं त्यांच्या गटाला वाचनाचा आणि फोल्डरमध्ये शिरण्याचा हक्क द्यायचा, आणि तोच नियम फोल्डरवर ‘डिफॉल्ट’ म्हणूनही लावायचा. हे दुसरं पाऊल विसरलं, की उद्या आलेली नवी फाइल त्यांना दिसत नाही. मग कुणीतरी वैतागून सगळ्यावर ७७७ मारतो. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं. शिवारातले सगळे धुरे एका रात्रीत नांगरून टाकल्यासारखं. हा उपाय नाही, ही हार आहे.

नुसतं वाचनही नेहमीच निरुपद्रवी नसतं. डेटाबेसचा पासवर्ड ज्या फाइलीत आहे, ती डेव्हलपरला दिसली, तर विद्यार्थ्यांचे गुणही त्याच्या हाती गेले. ती फाइल या मुभेतून वगळायलाच हवी. आणि त्याच्याकडे ‘सुडो’, म्हणजे रूटच्या हक्कानं आज्ञा चालवण्याची मुभा असेल, तर वरची सगळी मेहनत फुकट.

डेव्हलपरला चालू सर्व्हरवर खरं म्हणजे लॉग बघायचे असतात: साइट कुठे अडली, कोणत्या ओळीवर पडली. उबुंटूवर बहुतेक लॉग ‘एडीएम’ गटाला वाचता येतात; त्याला त्या गटात घ्या. कोडमधला बदल त्यानं स्वतःच्या प्रतीवर करावा, दुसऱ्यानं तो तपासावा आणि मग तो सर्व्हरवर चढवावा. त्यात त्याच्यावर अविश्वास नाही. ज्याच्या हातात पेन नव्हतं, त्याच्यावर मध्यरात्रीच्या खाडाखोडीचा आळ येत नाही. अमरावती-अकोल्यातल्या छोट्या कार्यालयांत पहिली नोकरी करणाऱ्या पोरांना हे संरक्षण मिळालंच पाहिजे.

तुमच्या शाळेची, पतसंस्थेची, बाजार समितीची साइट असेल, तर सोमवारी ती सांभाळणाऱ्याला एवढंच करायला सांगा: डेव्हलपरच्या खात्यानं लॉगिन करून साइटच्या फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल तयार करून बघायची. ‘परमिशन डिनाइड’ असं उत्तर यायला हवं. फाइल तयार झाली, तर त्याच दिवशी हक्क बदलून घ्या.