चला, लेकरांना सिद्धेश्वर दाखवू

पाटाला पाणी आलं की आपण दारं धरतो. पण ते येतं कुठून, हे आपल्या लेकरांनी पाहिलंय का? येलदरीला वीज करून सुटलेलं पूर्णेचं पाणी १९६८ साली पुऱ्या झालेल्या सिद्धेश्वर धरणात अडतं आणि कालव्यानं वसमतच्या शिवारात पोचतं. ऊस तुटून गेला की सहकुटुंब एक दिवस काढू. सकाळी औंढ्याला नागनाथाचं दर्शन, दुपारी काठावरच्या झाडाखाली भाकरी-ठेचा, मग टेकड्यांच्या कडेनं पायी फेरफटका. पोहण्याचा मोह मात्र नको. धरणाच्या पाण्याचा ठाव लागत नाही, गाळात पाय रुततो. मनाईच्या जागी जाऊ नये, लेकरांचा हात सोडू नये. हे पाणी डोळ्यांनी पाहिलेलं लेकरू उद्या दारं मोकळं सोडून निजणार नाही.