रेषांना फुटलेले रडू

वॉल्ट डिस्ने यांचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स' हा चित्रपट 21 डिसेंबर 1937 रोजी लॉस एंजेलिस येथील कार्थे सर्कल थिएटरमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला, त्यापूर्वीच हॉलिवूडमधील अनेक जाणकारांनी त्याला निकालात काढले होते आणि 'डिस्नेचा खुळेपणा' असे त्याचे बारसेही करून ठेवले होते. सात-आठ मिनिटांच्या व्यंगचित्रपटांना हसणारा प्रेक्षक 83 मिनिटे हलती चित्रे पाहत बसेल यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि खर्च तर 15 लाख डॉलरच्या घरात गेला होता. शंका वाजवीच होती, कारण रेषांना हसवणे साधले असले, तरी चितारलेल्या पात्रासाठी भरलेले थिएटर हळहळेल की नाही, याची कसोटी एवढ्या मोठ्या प्रमाणावर लागायची होती. चित्रपट या कसोटीला उतरला तो राजकन्येच्या नव्हे, तर बुटक्यांच्या बळावर.

ग्रिम बंधूंनी 1812 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि मराठी मुलांना 'हिमगौरी आणि सात बुटके' म्हणून ठाऊक असलेल्या मूळ कथेत या सातजणांना नावेसुद्धा नाहीत. तिथे दुष्ट राणी एकदा कमरेची नाडी, मग विषारी फणी आणि शेवटी सफरचंद घेऊन अशी तीनदा येते, आणि अखेरीस तापलेल्या लोखंडी जोड्यांत तिला मरेपर्यंत नाचावे लागते. डिस्ने यांच्या कथाकारांनी पहिल्या दोन फेऱ्या गाळल्या, राणीचा शेवट कड्यावरून कोसळून होतो असे दाखवले आणि बुटक्यांना भरपूर जागा दिली. डॉक बोलताना शब्दांची गल्लत करतो, डोपी अक्षरही बोलत नाही, तर ग्रंपी सदैव फुरंगटलेला असतो. त्यामुळे सारखेच बुटके, सारख्याच दाढ्या (डोपीला तीही नाही), तरी चालण्यावरूनच कोण ते ओळखू येते. पात्राचा स्वभाव संवादातून न सांगता हालचालीतून दाखवण्याच्या या पद्धतीला चरित्र-ॲनिमेशन म्हणता येईल, आणि ती अंगी मुरावी म्हणून स्टुडिओने चित्रकारांसाठी डॉन ग्रॅहम या कलाशिक्षकाचे वर्ग चालवले होते.

जंगलाला खोली आली ती मल्टिप्लेन कॅमेऱ्यामुळे. यात झाडे, पात्रे आणि आकाश वेगवेगळ्या थरांवर, एकमेकांपासून अंतर राखून ठेवतात, वरून कॅमेरा रोखतात आणि प्रत्येक थर निराळ्या गतीने सरकवतात. तंत्र देखणे आहे, पण नुसत्या तंत्राने कोणी रडत नाही.

रडवणारा प्रसंग निर्जीव हिमगौरीभोवती बुटके जमतात तेव्हाचा. फ्रँक थॉमस यांनी चितारलेल्या या दृश्यात पात्रे जवळजवळ हलतच नाहीत: माना खाली, मेणबत्त्यांचा उजेड, गालांवरून ओघळणारे अश्रू. सतत हालचाल हाच ज्या कलेचा धर्म मानला जात होता, तिने इथे थांबण्याचे धाडस केले. बायकांच्या नावाने बोटे मोडणारा ग्रंपी तोंड फिरवून हुंदके देऊ लागतो, आणि आधीच्या प्रसंगात हिमगौरीने त्याच्या टकलावर ओठ टेकताच तो कसा विरघळला होता, हे प्रेक्षकाने पाहिलेले असल्यामुळे ते हुंदके उपरे वाटत नाहीत.

त्यामानाने राजकन्या फिकी आहे. मार्जरी बेल्चर या तरुण नर्तकीच्या हालचाली चित्रित करून त्यांच्या आधारे तिची चित्रे काढली गेली. त्यामुळे ती डौलदार झाली, पण ग्रंपीसारखी जिवंत झाली नाही. राजपुत्राचे तर विचारूच नये. माणसासारखा माणूस काढणे चित्रकारांना इतके जड गेले की त्याची भूमिकाच आखडती घ्यावी लागली, आणि म्हणून प्रेमकथा म्हणवणाऱ्या या चित्रपटात नायक केवळ सुरुवातीला आणि शेवटी दिसतो.