वाफेवरचं पुडिंग

बेंगळुरूची लष्करी छावणी 1809 मध्ये वसली आणि इंग्रजांची वाफवलेली पुडिंग इथल्या स्वयंपाकघरांत आली. अँग्लो-इंडियन घरांत नाताळचं पुडिंग आजही वाफेवरच शिजतं, अगदी आपल्या उकडीच्या मोदकांसारखं!

या पुडिंगचा प्राण म्हणजे सुएट, जनावराच्या गुर्द्याभोवतीची कडक चरबी. मटणवाल्याकडे बोकडाची मिळते. पापुद्रे काढून ती थंडगार असतानाच किसावी. मैदा दोन वाटे, चरबी एक वाटा, बेकिंग पावडर आणि पाणी. लोणी पस्तिसेक अंशांनाच वितळतं, ही चरबी पंचेचाळीसच्या पुढे. म्हणून तिचे कण पिठात बराच वेळ घट्ट राहतात. ते वितळेपर्यंत पीठ आकार धरू लागतं, कणांच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. पुडिंगचा हलकेपणा त्यातूनच येतो. लोण्याने तो साधत नाही, असं माझं ठाम मत आहे.

भांड्यावरच्या कागदाला एक चुणी ठेवा, पुडिंग फुगायला जागा हवी. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंच, इथे पाणी 97 अंशांनाच उकळतं. त्यामुळे दोन तासांच्या जागी थोडं जास्तच वाफवा, आणि मधे पाणी घालाल ते उकळतंच घाला.