काट्यामागची वायर

ऊस गाळपाचा हंगाम आणि परभणीची कडाक्याची थंडी बरोबरच येतात आणि जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी नेमकी तेव्हाच उतरते. कारखान्याबाहेर ट्रॉल्यांची रांग मुंगीच्या पावलानं सरकते. इंजिन स्लोवर, हेडलाइट चालू. स्लोवर डायनामोला पुरेसा वेग मिळत नाही, कटआऊटचे पॉइंट उघडेच राहतात आणि दिव्यांचा सगळा भार बॅटरीवर पडतो. पहाटे सेल्फ मारला की नुसतं टक्.

जिंतूर रस्त्यावरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असाच एक बी-275 आला होता. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रिटिश मॉडेलवरून आपल्याकडे घडलेला हा ट्रॅक्टर. त्यासाठी महिंद्राच्या भागीदारीतली कंपनी 1963 साली उभी राहिली. मालकाला डायनामो काढून अल्टरनेटर हवा होता. मिस्त्रींनी डायनामोला हातच लावला नाही, आधी डॅशबोर्ड उघडला. जाणत्या मिस्त्रीची पारख मला इथंच पटली.

डॅशबोर्डवर 30-0-30 चा अँपिअर मीटर होता. सेल्फचा करंट सोडला तर जवळजवळ सगळा करंट या मीटरमधून जातो. त्या काळचा ल्युकासचा डायनामो फार तर 22 अँपिअर देणारा, म्हणून ते निभत होतं. 35-40 अँपिअरचा अल्टरनेटर लावला आणि बॅटरी पुरती उतरलेली असली, तर मीटरमागचे ढिले नट तापतात, वायरचं कव्हर वितळतं. या वायरीला बहुधा फ्यूजही नसतो. मिस्त्रींनी अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड वायर ओढली, मध्ये फ्यूज घातला आणि मीटर काढायला घेतला.

“मीटर राहू द्या काका,” मालक म्हणाला. “काटा प्लसकडं गेला की जिवाला बरं वाटतं.”

“व्होल्ट मीटर वाचायला शिक. बंद असताना साडेबारा, चालू असताना चौदाच्या आसपास. तेराच्या खाली राहिला तर पट्टा बघ. पंधराच्या वर गेला तर तसाच माझ्याकडं ये.”

मालकाची ओढ मला समजते. अँपिअर मीटर करंट कुठं चाललाय ते सांगतो. पण बॅटरीची तब्येत व्होल्टमध्येच कळते, आणि रात्री शेतात अडकायचं नसेल तर तीच कळायला हवी.

डायनामोत सगळा करंट फिरत्या आर्मेचरवरून कार्बनमार्फत घ्यावा लागतो. अल्टरनेटरमध्ये कार्बनमधून जातो तो रोटरपुरता, मोजक्या अँपिअरचा. मुख्य करंट स्थिर वाइंडिंगमधून निघतो. त्यामुळे अल्टरनेटर लहान पुलीवर जोरात फिरवता येतो आणि स्लोवरही चार्जिंग मिळतं. करंट उलटा फिरू न देण्याचं कटआऊटचं काम डायोडच करतात. हेच डायोड नाजूकही असतात. जुन्या ब्रिटिश धर्तीच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस अर्थ असायचा. ते न तपासता साधा अल्टरनेटर जोडला की डायोड क्षणात जातात.

चार्जिंगच्या लाल दिव्याकडे फार जण दुर्लक्ष करतात. अनेक अल्टरनेटरांत रोटरला पहिलं चुंबकत्व या बल्बमधून येणाऱ्या थोड्याशा करंटनं मिळतं. बल्ब उडाला किंवा हौसेनं त्या जागी एलईडी बसवला, तर चांगला अल्टरनेटरही गप्प राहू शकतो.

शेजारी एक जुनी जीप उभी होती. टाकी भरलेली, काटा निम्म्यावर. मालकानं नवा गेज आणूनच ठेवला होता. मिस्त्रींनी टाकीवरून चेसिसला एक वायर जोडली आणि काटा वर चढला. नव्या रंगाचा थर अर्थ अडवत होता. जुन्या गाडीत गेज बदलण्याआधी अर्थ तपासावा, हे मी आग्रहानं सांगेन. निम्मा खर्च तिथंच वाचतो.

संध्याकाळी ट्रॅक्टर चालू झाला. स्लोवर, दोन्ही हेडलाइट लावून 13.6 व्होल्ट. मालकानं लगेच विचारलं, मागं आणखी दोन लाइट लावू का? 55 वॉटचे दोन म्हणजे साधारण नऊ अँपिअर, अल्टरनेटरला जड नाहीत.

“लाव,” मिस्त्री म्हणाले, “पण रिलेवरून घे आणि वेगळा फ्यूज दे. जुन्या बटणावरून ओढलेस तर बटण जळेल.”